वाचकांचे प्रश्न : घरच्या कॉकटेलचे गणित

घरच्या घरी कॉकटेल करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली असल्यामुळे उत्तरेही इथल्या बाजारात मिळणाऱ्या जिनसा आणि इथला उन्हाळा धरूनच दिली आहेत. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि बिअर-वाइन वगळता इतर मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, हे एकदाच सांगून पुढे जातो. वेगळे म्हटलेले नसेल तेथे मापे एका ग्लासाची आहेत.

जळगावच्या एका वाचकांचा प्रश्न : "मोबाइलवर कोणतीही कृती पाहिली की तीत निदान तीन-चार अशा बाटल्या असतात ज्या आमच्याकडच्या दुकानदाराने पाहिलेल्याही नाहीत. सुरुवात करायला कोणत्या बाटल्या घ्याव्यात?"

एक बाटली घ्यावी. जे मद्य आपल्याला मुळात आवडते त्याचीच. दहा-पंधरा बाटल्यांची मांडणी ही बारची गरज असते, कारण तेथे येणारा प्रत्येक जण वेगळे काहीतरी मागतो. घरी तसे नसते. अमेरिकेतील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ साली कॉकटेल म्हणजे काय ते सांगितले, तेव्हा त्यात मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क एवढ्या चारच गोष्टी मोजल्या होत्या. कडू अर्काच्या जागी लिंबू घातले की 'सावर' नावाचे घराणे सुरू होते, आणि शिकणाऱ्याने आधी या घराण्यात रुळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तोल चुकला तर पहिल्याच घोटाला कळते आणि चमचाभर पाकाने किंवा चार थेंब रसाने तो तिथल्या तिथे सुधारताही येतो.

प्रमाण असे : ६० मिली मद्य, २० मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. यात व्हिस्की घेतली तर व्हिस्की सावर होतो. पांढरी रम घेतली तर डायकिरी होते. क्युबातील सँतियागोजवळच्या खाणींच्या परिसरात १८९८ च्या सुमारास जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकी अभियंत्याने ती केली, असे सांगितले जाते. जिन घेऊन वर सोडा ओतला की टॉम कॉलिन्स तयार होते, डायकिरीत पुदिना आणि सोडा आला की मोहितो, आणि जिनबरोबर साखरेऐवजी मध वापरला की बीज नीज. म्हणजे पाचही नावांमागे हिशेब एकच आहे. ज्यांना घरच्या लिंबू सरबताचा तोल साधतो त्यांचे निम्मे शिक्षण झालेले असते. उरलेले निम्मे बर्फाचे आहे आणि त्याविषयी पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

लिंबाबाबत मात्र एक दुरुस्ती करून घ्यावी लागते. परदेशी कृतींत बहुधा मोठे, बिनबियांचे हिरवे लिंबू किंवा पिवळे लेमन गृहीत धरलेले असते. आपले कागदी लिंबू त्याहून लहान, पातळ सालीचे आणि अधिक झणझणीत आंबट असते, म्हणून पाक २५ मिलीपर्यंत वाढवावा. रस आयत्या वेळी काढावा आणि लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नये, कारण बिया चिरडल्या आणि साल फार दाबली गेली की कडवटपणा उतरतो. बाटलीबंद रसाची मी शिफारस करणार नाही.

पाकासाठी साखर आणि पाणी वजनाने समान घेऊन मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळावे. जिलेबीसाठी करतो तसा एकतारी पाक येथे चालत नाही, तो थंड ग्लासात तळाशी जाऊन बसतो. असा साधा पाक फ्रिजमध्ये तीन आठवडे टिकतो. मध वापरायचा असेल तर तोही सम प्रमाणात कोमट पाण्यात आधी सैल करून घ्यावा, नाहीतर बर्फाला लागताच त्याची गुठळी होते.

मोजण्यासाठी खास माप विकत घेण्याची गरज नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे प्लास्टिकचे झाकणवजा माप येते, त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा ठसठशीत असतात आणि ते दुकानातल्या पुष्कळशा देखण्या मापांपेक्षा अचूक असते. फक्त औषधाचा वास जाईपर्यंत ते गरम पाण्याने दोन-तीनदा धुवावे. पेय हलवून मिसळण्याच्या भांड्याच्या, म्हणजे शेकरच्या, जागी घट्ट फिरकीच्या झाकणाची, रुंद तोंडाची स्टीलची बाटली आणि गाळायला चहाची गाळणी पुरे होते. सोडा मात्र कधीही बाटलीत घालून हलवू नये, झाकण उडते.

भुसावळच्या एका वाचकांचा प्रश्न : "हिवाळ्यात जे पेय छान जमते तेच मे महिन्यात अगदी पाणचट होते. प्रमाण तेच असते, बर्फही तोच. असे का होते? बर्फ कमी घातला तर सुधारेल का?"

बर्फ कमी घातल्याने पेय आणखी पाणचट होईल. उलटे वाटले तरी कारण साधे आहे. बर्फ पेयाला थंड करतो तो मुख्यतः स्वतः वितळून. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो, तर तोच एक ग्रॅम उणे १८ अंशांपासून शून्य अंशापर्यंत येताना जेमतेम ९ कॅलरी घेतो. त्यामुळे थंडावा हवा असेल तर पाणी येणारच, आणि थोडा बर्फ तर पेय गार होण्याआधीच सगळा वितळून जातो. प्रश्न फक्त किती पाणी यावे याचा असतो. २० अंश तापमानाचे मद्य, रस आणि पाक थंड व्हायला जेवढा बर्फ वितळतो, त्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास बर्फ ४० अंशांवरच्या त्याच साहित्यासाठी वितळतो. भुसावळात वैशाखात बंद कपाटातली बाटलीसुद्धा हाताला कोमट लागते, आणि आपले पेय नेमके तेथेच बिघडते.

उपाय असा की, करण्याच्या दोन-तीन तास आधी मद्याची बाटली, पाक आणि ग्लास फ्रिजमध्ये ठेवावेत. लिंबेही आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्येच असावीत, पिळण्यापूर्वी तळहाताखाली ओट्यावर दाबून फिरवली की रस नीट सुटतो. मद्य थेट फ्रीझरमध्ये ठेवले तरी गोठत नाही, कारण आपल्याकडच्या व्हिस्की-रमचे ४२.८ टक्के मद्यार्क घरगुती फ्रीझरच्या तापमानाला दाद देत नाही. तरी हलवून करण्याच्या पेयासाठी ते फ्रिजमधलेच बरे. फ्रीझरमधल्या मद्यात बर्फ पुरेसा वितळत नाही आणि पेय उग्र राहते, कारण थोडे पाणी या पेयाला हवेच असते. वर दिलेल्या प्रमाणाचे १०० मिली साहित्य नीट हलवल्यावर साधारण १३० मिली भरावे. त्याहून फार जास्त भरले तर बर्फ ओला होता किंवा साहित्य गरम होते, असे समजावे.

ओला बर्फ हा आपल्याकडचा दुसरा शत्रू. ट्रे काढून ओट्यावर ठेवला, लाइट गेली, पुन्हा आली, पाहुणे आले, तोवर प्रत्येक खड्यावर पाण्याचा थर जमलेला असतो आणि हे पाणी पेयाला गार न करता नुसते पातळ करते. म्हणून बर्फ अगदी शेवटी, रस-मद्य-पाक बाटलीत पडल्यानंतरच काढावा, वरचे पाणी झटकावे आणि बाटली दोन तृतीयांश भरेल इतका भरपूर घालावा. दहा-बारा सेकंद जोरात हलवले की बाटलीवर बाहेरून दव धरते आणि हाताला ती धरवत नाही, तेथे थांबावे. मग गाळून कोऱ्या बर्फावर किंवा बर्फाशिवाय द्यावे, हलवलेला बर्फ टाकून द्यावा.

पारदर्शक बर्फाचा सोस असेल तर तोही घरी पुरवता येतो. प्रवासात नेतो ती छोटी थर्मोकोलची किंवा इन्सुलेशनची पेटी झाकण काढून, पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवावी. बाकी बाजू बंद असल्याने पाणी वरून खाली गोठत जाते आणि हवा व क्षार तळाशी ढकलले जातात. तळाचे पाणी गोठायच्या आत, म्हणजे अठरा ते चोवीस तासांत, लादी काढून वरचा काचेसारखा भाग सुरीने तोडून घ्यावा. बोअरचे जड पाणी वापरले तर गढूळ थर अधिक जाड येतो. शिवाय फ्रीझरमध्ये मासे किंवा वाटलेला काळा मसाला उघडा असेल, तर बर्फाला तो वास हमखास लागतो. बाजारातला लादीचा बर्फ मात्र ग्लासात मुळीच नको. तो वस्तू थंड ठेवण्यासाठी असतो आणि अशा अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आपल्या राज्यात २०१८ साली आला तो याचसाठी.

रावेर तालुक्यातील एका वाचिकेचा प्रश्न : "आमच्या घरी केळीची कमतरता नाही. बनाना डायकिरी करून पाहिली, पण ती रम घातलेल्या शिकरणासारखी लागली. काय चुकले असावे?"

ज्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती ज्यांच्या शेतात पिकते त्यांनी हा प्रश्न विचारावा, याचा आनंद वाटला. आपण पूर्ण एक केळे, किंवा कदाचित दोन, घातली असावीत आणि लिंबू हात राखून वापरले असावे. केळे हे पेयात जाडी आणि गोडी दोन्ही आणते, त्यामुळे त्याच्याबरोबर पाक निम्मा करावा लागतो आणि रस मात्र पुरता ठेवावा लागतो. पांढरी रम ४५ मिली, कागदी लिंबाचा रस २० मिली, पाक १० मिली आणि अर्धेच केळे, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, एवढे घ्यावे.

केळे कोणते, यावर निम्मा निकाल ठरतो. रायपनिंग चेंबरमधून, म्हणजे केळी पिकवण्याच्या खोलीतून, नुकतेच आलेले, बाहेरून एकसारखे पिवळेधमक केळे आत पिठूळ असते, कारण त्यातील स्टार्चची साखर व्हायला अजून वेळ असतो. ते घरात दोन दिवस राहू द्यावे, सालीवर तपकिरी ठिपके येऊ द्यावेत, मग सोलून चकत्या करून, त्यांवर लिंबाचे चार थेंब चोळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. लिंबामुळे चकत्या काळ्या पडत नाहीत. अशा गोठलेल्या चकत्या मिक्सरमध्ये घातल्या की बर्फ मूठभरच लागतो आणि पेय पातळ होत नाही. बर्फ अख्खा मिक्सरमध्ये टाकू नये, आधी जाड फडक्यात बांधून बत्त्याने फोडावा आणि मिक्सर थांबून थांबून फिरवावा.

जाडसर पेय आवडतच नसेल तर दुसरा मार्ग अधिक सुरेख आहे. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिली रममध्ये, एका पिकलेल्या केळ्याच्या चकत्या रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवाव्यात आणि सकाळी न पिळता मलमलीतून गाळून घ्याव्यात. पिळले की गढूळपणा येतो. या रमने नेहमीच्या प्रमाणात डायकिरी केली तर ग्लासात केळ्याचा गंध राहतो आणि शिकरणाची आठवणही होत नाही. त्यासाठी पांढऱ्या रमपेक्षा गडद रम मला जास्त जुळते असे वाटते.

धुळ्याच्या एका वाचकांचा प्रश्न : "व्हिस्की सावरवर जो पांढरा फेस असतो तो अंड्याचा असतो असे कळले. आम्ही शाकाहारी आहोत. काही पर्याय?"

काबुली चणे शिजवलेले पाणी. चणे मीठ-सोडा न घालता शिजवावेत, पाणी अंड्याच्या पांढऱ्याइतके दाट होईपर्यंत आटवावे आणि गार करून २० मिली वापरावे. आधी बर्फाशिवाय पंधरा-वीस सेकंद हलवावे, मग बर्फ घालून पुन्हा हलवावे. पहिल्या हलवण्यात फेस बांधला जातो. पेय तयार झाल्यावर चण्याचा वास लागत नाही. अंडे खाणाऱ्यांनीही हे पाणी वापरावे असे मी सुचवेन, कारण कच्च्या अंड्यातून होणाऱ्या साल्मोनेलाच्या संसर्गाची काळजी उरत नाही.

चाळीसगावच्या एका वाचकांचा प्रश्न : "ओल्ड फॅशन्डसाठी बर्बन आणि अँगोस्तुरा बिटर्स लागतात. दोन्ही इथे मिळत नाहीत. आपल्या व्हिस्कीने ते करावे का?"

करावे, पण बर्बनची नक्कल करण्याचा हट्ट धरू नये. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीत निदान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कींत मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा वाटा मोठा असतो, म्हणजे स्वभावाने त्या रमच्या जवळच्या. त्यांच्याशी पांढऱ्या साखरेपेक्षा गूळ चांगला जमतो. गुळाचा सम प्रमाणातील पाक करून तो कापडातून गाळावा आणि ६० मिली व्हिस्कीला एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, घालावा. ओल्ड मंकसारखी गडद रम घेतली तर माझ्या मते पेय आणखी उजवे होते.

बिटर्सचे, म्हणजे कडू अर्काचे, काम थोड्या कडूपणाने गोडी आवरण्याचे आहे. योहान सीगर्ट या डॉक्टरने व्हेनेझुएलातील अँगोस्तुरा गावी १८२४ साली आपला अर्क तयार केला तो पोटाचे औषध म्हणून. पुढे तो त्रिनिदादला गेला आणि जगभरच्या बारमध्ये स्थिरावला. त्यातील कडूपणा जेंशियन नावाच्या मुळीचा असतो, आणि काष्ठौषधांच्या दुकानात मिळणारे काडेचिराईत त्याच वनस्पतिकुळातले आहे. १०० मिली व्होडकात संत्र्याच्या सालीचा सुकवलेला नारिंगी भाग, दोन लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा आणि चिमूटभर काडेचिराईत घालावे. काडेचिराईत पुरचुंडीत बांधून एका दिवसानंतर काढून घ्यावे, बाकीचे पाच दिवस ठेवून गाळावे आणि ग्लासात ड्रॉपरने तीन-चार थेंबच घालावेत. गरोदर स्त्रियांनी आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी या अर्काच्या वाटेला जाऊ नये.

हे पेय हलवत नाहीत. ग्लासात मोठा बर्फ घालून चमच्याने अर्धा मिनिट ढवळायचे आणि संत्र्याच्या सालीचा तुकडा वर पिळून आत टाकायचा.

शहाद्याच्या एका वाचकांचा प्रश्न : "सातपुड्यात मोहाची दारू मिळते. ती कॉकटेलमध्ये वापरता येईल का?"

चवीचा प्रश्न असेल तर येईल, परंतु परवाना असलेल्या कारखान्याची, लेबल लावलेली बाटली मिळाली तरच. घरी किंवा पाड्यावर गाळलेली दारू विकत घेणे कायद्याने गुन्हा आहे आणि विकणाऱ्याने तिच्यात काय मिसळले हे पिणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. मालाडच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये मिथेनॉलने शंभरावर माणसे दगावली. मोहाचा गंध हवा असेल तर बाटलीपेक्षा फुलांकडे जावे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी ही फुले सुकवून बाजारात येतात. ५० ग्रॅम सुकी फुले निवडून, दोन पाण्यांनी धुऊन, २०० मिली पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटे उकळावीत आणि गाळलेल्या पाण्यात निम्म्या वजनाची साखर विरघळवावी. फुले स्वतःच गोड असल्यामुळे साखर कमी पुरते. हा पाक २० मिली, पांढरी रम ६० मिली आणि लिंबाचा रस २० मिली घेऊन केलेली डायकिरी करून पाहावी. वास पहिल्यांदा काहींना उग्र वाटतो, म्हणून आधी निम्मा साधा पाक मिसळून चव घ्यावी.

अमळनेरच्या एका वाचिकेचा प्रश्न : "घरी आठ-दहा पाहुणे येणार आहेत. निम्मे घेतात, निम्मे घेत नाहीत. प्रत्येकाचा ग्लास वेगळा करत बसणे मला शक्य नाही."

टॉम कॉलिन्स करावे, कारण ते एकदम मोठ्या जगमध्ये करता येते आणि सोडा ग्लासातच ओतायचा असतो. पाच ग्लासांसाठी जिन २२५ मिली, लिंबाचा रस १०० मिली आणि पाक १२५ मिली एकत्र करून जग फ्रिजमध्ये ठेवावा. रस काढून तीन-चार तासांहून जास्त वेळ ठेवू नये. देताना ग्लास बर्फाने भरून ९० मिली मिश्रण आणि १०० मिली गार सोडा ओतावा. ६० मिली जिनमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो आणि लिंबू-साखरेमुळे तो जिभेला जाणवत नाही, म्हणून समारंभात मी प्रत्येकी ४५ मिलीच धरले आहे.

न घेणाऱ्यांसाठी तोच जग जिन वगळून केला तर नुसते सरबत होते आणि त्यांची बोळवण केल्यासारखे दिसते. मद्याचा जो झटका जातो त्याच्या जागी काहीतरी तिखट यावे लागते. कैरीचे पन्हे, आल्याचा रस अर्धा चमचा, ताजी कुटलेली मिरी आणि वर सोडा, हे माझ्या पसंतीचे आहे. पुदिना घालायचा तर तो तळहातांमध्ये दाबून टाकावा, वाटू नये. दोन्ही जग वेगळ्या रंगांचे ठेवावेत. मद्य वर्ज्य असलेल्यांच्या ग्लासात बिटर्सही घालू नयेत, कारण अँगोस्तुरात ४४.७ टक्के मद्यार्क असतो.

नवापूरच्या एका वाचकांचा प्रश्न : "सुरतला मेहुण्यांकडे जाताना घरी मिसळलेली बाटली नेली तर चालेल का?"

चालणार नाही. नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत असला तरी दारूबंदीचा कायदा अर्धा होत नाही, आणि आपल्याकडचा परवाना तिकडे ग्राह्य नसतो. बाहेरून येणाऱ्यांसाठी तेथील शासनाचा स्वतंत्र परवाना असतो. मेहुण्यांसाठी मोहाच्या फुलांचा पाक आणि डझनभर कागदी लिंबे न्यावीत, सोडा सुरतेत मिळेल.